आत्याच्या हातांची हळद

आमच्या घरी सकाळच्या आंघोळीनंतर तोंडात आधी हळद जायची. हळद, गूळ आणि तूप मळून काकू बोराएवढ्या गोळ्या वळायची, ताटलीत घालून देवापुढं ठेवायची आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून एकेकाच्या तळहातावर एकेक गोळी द्यायची. वर पेलाभर गरम दूध. "नुसती गिळू नका, चावून खा," ती बजावायची. "हळद अंगात मुरली की रोग दारातूनच माघारी जातो." थंडी पडल्यापासून होळीपर्यंत हे चालायचं. गावात साथ असली की गोळी बोराऐवजी सुपारीच्या मापाची व्हायची.

त्या हिवाळ्यात साथ होती. ताप, खोकला, छातीत कफ. हैदराबादला माझ्या शाळेच्या बोर्डिंगात मुली एकीमागून एक अंथरूण धरायला लागल्या, तेव्हा सिस्टरांनी आम्हांला आपापल्या घरी पाठवून दिलं. ती मिशनची इंग्रजी शाळा. वडील निजाम सरकारच्या कचेरीत नोकरीला. त्यांची बदली हैदराबादला असताना त्यांच्या साहेबाच्या मुली जिथं जात तिथंच त्यांनी मला घातलं होतं, आणि ते नांदेडला परत आले तरी मी तिथंच राहिले. आई माझ्या लहानपणीच गेलेली. त्यामुळं नांदेडच्या घरात मी पाहुणीसारखी होते. बोलायला गेलं की माझी वाक्यं पुस्तकातल्यासारखी व्हायची आणि काकू पदर तोंडाला लावून हसायची. म्हणून मी फारसं बोलत नसे. बघत असे.

घर काकांचं आणि काकूचं. वडील काकांचे धाकटे भाऊ, आणि या दोघांची सगळ्यांत धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या. तिला कंधारला दिली होती. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला आणून माहेरी सोडलं. तिचे केस काढू द्यायचे नाहीत असं वडिलांनी ठरवलं. ही त्यांची सुधारणा. कचेरीत त्याबद्दल त्यांचं नाव होतं. पांढरं लुगडं, एक वेळचं जेवण, शुभकार्य असलं की मागच्या खोलीत बसणं, हे बाकीचं जसंच्या तसं राहिलं होतं. सुधारणा केसांपाशी थांबली होती.

आत्याला गोळी मिळत नसे. सवाशिणीनं विधवेच्या हातावर हळद ठेवायची नसते. ठेवली तर ठेवणारीचं कुंकू धोक्यात येतं. तिनं आपल्या हातानं उचलून घ्यावी, तर ताटली देवापुढची. "तिच्या आमटीत असतेच की हळद," काकू म्हणायची. "आणि तुळशीचा काढा देते मी तिला. उपाशी ठेवून राहिले का?" काढा खरंच असायचा, गुळाशिवायचा. दूध मात्र गोळीवरचं होतं. गोळी नाही म्हणून दूधही नाही. हे कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. हळदीत किती ताकद असते ते मला आजही सांगता येणार नाही. दुधातुपात असते. आणि रोज सकाळी कोणीतरी "आ कर, घसा बघू" म्हणतं, त्यातही थोडी असावी. आत्याचा घसा कोणी बघत नव्हतं.

ती सगळी हळद कुटायची मात्र आत्याच.

हदगावकडून काकांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडाचं पोतं यायचं. शिजवून वाळवलेली हळकुंडं, दगडासारखी. मागच्या पडवीत उखळ होतं. आत्या नाकाला फडकं बांधून मुसळ उचलायची. आधी हळकुंडं फुटायची, मग त्यांची भरड व्हायची, मग ती जुन्या धोतराच्या तुकड्यातून चाळायची आणि वर राहिलेलं पुन्हा उखळात. तिचे दंड पुरुषासारखे झाले होते. मी तिथं पुस्तक घेऊन बसले की ती म्हणायची, "इंग्रजी बाई, बसल्या बसल्या तुमचं इंग्रजी घाला इकडं उखळात. वस्त्रगाळ करून देते."

मी हसायचे. तिच्या टोमण्याचं मला वाईट वाटत नसे. त्या घरात माझ्याशी गंमत करणारी ती एकटीच होती.

एकदा मी तिला विचारलं, इतकं सगळं तूच का करतेस. तिनं मुसळ खाली ठेवलं नाही. म्हणाली, "हात चालतात तोवर मी इथं आहे. हात थांबले की कंधार. आणि तिथली माणसं मी पाहिलेली आहेत." तिथं एक दीर होता. त्याच्याबद्दल तिनं आणखी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिला इथंच राहायचं होतं, आणि त्यासाठी तिच्यापाशी दोन हात सोडून काही नव्हतं.

एरवी महिन्याकाठी एकदा कुटणं व्हायचं. हाताला हळद लागली की ती तेल चोळून, डाळीचं पीठ लावून दोन-तीन दिवसांत निघून जायची, आणि तोवर आत्या हात पदराखाली ठेवायची. विधवेच्या हाताला हळद दिसता कामा नये. पण त्या साथीत आमच्या हळदीचा बोलबाला झाला. आमच्या घरी अजून कोणाला ताप नव्हता, म्हणून आळीतल्या बायका वाटी घेऊन यायला लागल्या. काकूला तो मोठेपणा आवडला. "न्या, न्या. गुणाची हळद आहे आमची," म्हणत ती वाट्या भरायची. रोज कुटणं सुरू झालं. आत्याचे तळवे पिवळे झाले, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. तेलानं, पिठानं काही होईना. आजचं फिकं व्हायच्या आत उद्याचं चढायचं.

एका दुपारी शेजारची एक म्हातारी वाटी घेऊन आली. तोंडानं फटकळ, मनात काही नसलेली. आत्या चाळणीचं कापड झटकत होती. म्हातारी हसून म्हणाली, "अगंबाई! नवरीचे हात बघा की! कधीचा मुहूर्त धरलाय?"

काकूही हसली. आत्याही जराशी हसली, असं मला वाटतं. तेवढ्यावर ते संपलं असतं.

पण संध्याकाळी काका कुडकुडत घरी आले आणि रात्रीपर्यंत त्यांना ताप भरला.

काकू वाईट बाई होती असं लिहिलं तर सोपं जाईल, पण ते खरं होणार नाही. मी तिला त्या दिवसांत काकांच्या उशाशी बसलेली पाहिली आहे. ती घाबरली होती. रोज एवढी हळद खाऊन माणसाला ताप येतो याचा अर्थ तिला लावायचा होता, आणि हळद खोटी असं तर तिला म्हणता येत नव्हतं. तेव्हा दुपारचा तो विनोद तिला आठवला. सकाळी ती पडवीत आली आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, हात दाखवा."

आत्यानं दाखवले.

"घरात सवाशिणी असताना तुम्ही असे हात घेऊन हिंडून राहिलात. माझा माणूस तिकडं तापानं फणफणलाय. आधी हे काढा."

"रोज कुटते मी वहिनी. कसं निघावं?"

"राखेनं घासा. राखेनं भांडी निघतात, हात निघत नाहीत का?"

हळदीवर राख लावली की काय होतं ते मला माहीत होतं. शाळेत आम्हांला हळदीच्या पाण्यात बुडवलेला कागद देऊन त्यावर चुन्याची निवळी टाकायला लावली होती. कागद लालभडक झाला होता. राखेचंही तेच. मी धीर करून म्हटलं, "काकू, राखेनं हळद लाल होते. त्यापेक्षा उन्हात हात धरले तर रंग हळूहळू उडतो."

"ऐका! विधवा बाईनं अंगणात बसून उन्हात हात न्याहाळायचे. मडमांनी हेच शिकवलं का गं तुला?"

आत्यानं चुलीतली राख घेतली, पाणी घातलं आणि घासायला लागली. पिवळे हात लाल झाले. तळवे, बोटं, मनगटापर्यंत लाल, जणू कोणी कुंकवाच्या करंड्यात हात बुडवले आहेत. काकूनं ते पाहिलं आणि ती किंचाळलीच. आत्यानं घाबरून आणखी राख घेतली, तर ते आणखी लाल झाले.

"बंद कर! बंद कर!" काकू ओरडली. अहो-जाहो गेलं होतं. "कुंकू लावून घेतलंस माझ्या दारात! अगं, काय मनात आहे तुझ्या?"

मी लिंबू आणून दिलं. लिंबानं लाल रंग परत पिवळा झाला, तेवढंच. मग काकूनं न्हाणीतून विटेचा तुकडा आणला, ज्यानं आम्ही टाचा घासायचो, आणि आत्यापुढं टाकला. तिनं स्वतः आत्याच्या हाताला हात लावला नाही. ती फक्त उभी राहिली. आत्या वीट घेऊन घासत राहिली आणि मधून मधून हात वर करून दाखवत राहिली. काकू म्हणायची, "अजून आहे. बेचक्यांत बघ. अजून आहे." वडील पुढच्या ओसरीवर उर्दू वर्तमानपत्र वाचत होते. पडवीतलं सगळं ओसरीवर ऐकू येतं. त्यांनी पान उलटल्याचं मलाही ऐकू आलं.

शेवटी पिवळं निघालं. त्याच्याखालचं कातडंही निघालं होतं. काकू म्हणाली, "हां. आता बरं." आणि काकांना पेज द्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं हातांना फडकी गुंडाळली आणि मुसळ धरलं. काकूला ती युक्ती पसंत पडली. "बघा, आधीच केलं असतं तर? डाग नाही की काही नाही." फडकी ओली व्हायची, ती तीच पुन्हा गुंडाळायची. त्या घरात कोणाचं बोट कापलं, कोणाचा गुडघा फुटला, कोणाच्या पायात काटा गेला, तर पहिली चिमूट हळदीची असायची. भाजी चिरताना मला विळी लागली तेव्हा काकूनं धावत येऊन मूठभर हळद भरली होती आणि वर फुंकर घातली होती. आत्याच्या तळव्यांना मात्र नुसतं एरंडेल होतं.

मी माझी सकाळची गोळी न खाता मुठीत ठेवली आणि पडवीत गेले.

"आत्या, हाताला लाव."

तिनं गोळीकडं बघितलं. "गुळातुपासकट? जखमेला जेवायला घालतेस का?"

"हळद आहे त्यात."

"लावली तर दिसेल, बये. पुन्हा वीट येईल." तिनं मागच्या दाराकडं बघितलं, गोळी तोंडात टाकली आणि सावकाश चावली. "खाल्लेली दिसत नाही." मग म्हणाली, "तूप जुनं झालंय. तुझी काकू चांगलं तूप स्वतःच्या नवऱ्याला ठेवते."

त्यानंतर मी रोज माझी गोळी तिला नेत होते. दूध मुठीत नेता येत नव्हतं. तिनं कधी मला नको म्हटलं नाही. एकदाच म्हणाली, "कोणी बघितलं तर तू देत नव्हतीस, मी चोरली. काय? तुझं लग्न व्हायचंय अजून."

पुढच्या आठवड्यात तिचा उजवा हात सुजला. आधी पंजा, मग मनगट, आणि दंडाकडं एक लाल रेघ चढत गेली. अंगात ताप आला. काका तोवर बरे होऊन पुढच्या ओसरीवर येऊन बसायला लागले होते. आत्या पडवीत गोधडी घेऊन पडली तेव्हा काकू आळीतल्या बायकांना सांगत होती, "बघा, हळद खाल्लेला माणूस उठून बसला. घरात न खाणारी एकच, तिलाच धरलं." बायकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी जास्तच वाट्या भरून गेल्या.

मी ओसरीवर जाऊन वडिलांपुढं उभी राहिले. माझ्या तोंडून एवढंच आलं, "आत्याचा हात काळा पडून राहिलाय." ते उठले, पडवीत गेले, फडकं सोडून बघितलं आणि टांगा बोलावला. बाईमाणूस बरोबर पाहिजे म्हणून मला घेतलं.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर हैदराबादचे होते. उतारवयाचे, तुर्की टोपी घालणारे. त्यांनी हात उलटासुलटा केला, बोटानं दाबला. ते वडिलांकडं वळून म्हणाले, "जनाब, तुम लोगां तो जरा खरोच आई तो हल्दी भर देते. इसकू कायकू नै भरे?"

वडिलांचं उर्दू फार सुरेख होतं. कचेरीत त्याची तारीफ व्हायची. ते म्हणाले, "औरतों के मामलात हैं, साहब. हम मर्दों को क्या ख़बर."

मग आत्याला कळू नये म्हणून डॉक्टर इंग्रजीत बोलायला लागले. अनामिका आणि करंगळी काढावी लागतील, तळवा चिरावा लागेल. आणखी उशीर केला तर हातच, आणि त्यानंतर जीव. वडील मान हलवत होते. आत्या माझ्याकडं बघत होती.

"काय म्हणून राहिले गं?"

मी तिला सांगितलं. लपवायचं कसं ते मला सुचलं नाही.

"कुठली बोटं?"

"शेवटची दोन. उजव्या हाताची."

तिनं डाव्या हातानं ती दोन बोटं बाजूला धरली आणि उरलेली तीन हवेत मिटून पाहिली. सुजलेली होती, मिटली नाहीत. "तिन्हीत मुसळ राहील का, विचार त्यांना," ती म्हणाली. "इंग्रजीत विचार."

मी विचारलं. डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली.

ती वाचली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा थंडी सरत आली होती आणि साथही. उजव्या हाताची तीन बोटं राहिली होती, पण तळव्याचं कातडं आखडून ती आत वळली होती; तांब्यासुद्धा धरता येत नव्हता. पडवीत एक मजूर बाई हळद कुटत होती. तिचे हात पिवळेधमक होते आणि कपाळावर कुंकू होतं, त्यामुळं त्याचं कोणाला काही नव्हतं. आत्या तिच्याजवळ बसून सांगायची, आता चाळ, अजून जाड आहे. बाई म्हणायची, "व्हय माय." एका दुपारी आत्यानं डाव्या हातानं मुसळ उचलून पाहिलं. ते तिरपं पडलं आणि उखळातली हळद सांडली. मजूर बाईनं ती गोळा केली.

जेवताना काकू म्हणाली, "एक मजुरीण आणि वर एक बसून खाणारी." ती हे रागानं म्हणाली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. काकांनी वडिलांकडं बघितलं.

वडील चूळ भरून आले आणि मग बोलले. त्यांचं बोलणं नेहमीच विचार केलेलं असायचं. "सासरी तिचा हक्क आहे. कायद्यानं आणि माणुसकीनंही. आपण इतकी वर्षं तिला इथं ठेवून तो बुडवला. बाईनं आपला हक्क मागितला पाहिजे." आत्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिनं "दादा" अशी एक हाक मारली. वडिलांनी तिच्याकडं पाहून समजावणीच्या सुरात म्हटलं, "मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

कंधारला निरोप गेला. दीर बैलगाडी घेऊन आला. जाड मिशांचा, शांत माणूस. काकूनं त्याला जेवू घातलं, पान दिलं. आत्याचं बोचकं मी बांधलं, कारण तिला गाठ मारता येत नव्हती. पडवीत ती मला म्हणाली, "तू शाळेत जा परत. इथं राहू नको." मी मान हलवली. तिच्या डाव्या हातात हात द्यावा असं मनात आलं, पण मी दोन्ही हातांनी बोचकं धरलेलं होतं.

अंगणात दीर गाडीजवळ उभा होता. आत्या आली तसा तो म्हणाला, "दाखवा बघू हात."

तिनं पदराखालून उजवा हात काढला. त्यानं तो धरला, उलटा केला, वळलेली बोटं सरळ होतात का ते ओढून पाहिलं. ती होईनात तेव्हा त्यानं हात सोडून दिला आणि धोतराला बोटं पुसली.

"हा गेलाच म्हणा," तो म्हणाला. "दुसरा चालतो ना?"

"चालतो," आत्या म्हणाली.

"म्हशींचं करावं लागतं आमच्यात. शेण, चारा, धारा. सांगून ठेवतो, मागनं तक्रार नको."

"जमेल."

काका आणि वडील ओसरीवरून उतरले नव्हते. दीरानं त्यांना रामराम केला. आत्या गाडीच्या मागच्या बाजूनं चढायला लागली, तिला एका हातानं अंग वर ओढून घेता येईना, पाय दोनदा घसरला. कोणी पुढं झालं नाही. शेवटी दीरानं तिच्या दंडाला धरून तिला वर ढकललं, तिच्यामागून बोचकं टाकलं आणि पुढं जाऊन बैलांच्या कासऱ्याला हात घातला.